आमच्या डोक्यावरचा सह्याद्री

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सोळाशे किलोमीटर पसरलेल्या सह्याद्रीवर एका भाषणात बोलणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचे, तेही मराठी घेऊन. म्हणून मी फक्त माझ्या घराच्या मागच्या पडवीतून दिसणाऱ्या तुकड्याविषयी बोलणार आहे. सावंतवाडी शहराच्या पूर्वेला, आंबोलीपासून खाली दोडामार्गापर्यंत जी निळसर भिंत उभी आहे तो हा तुकडा. शहराला लागून नरेंद्र डोंगर आहे, तो अगदी घरातला. पण पावसाचे ढग अडतात ते त्याच्याही मागे, आंबोलीच्या कड्याला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण ज्याला डोंगर म्हणतो तो खरे पाहता डोंगर नाही. डोंगर म्हटला की एका बाजूने चढायचे आणि दुसऱ्या बाजूने उतरायचे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. सावंतवाडीहून आंबोलीची गाडी धरा. दाणोली मागे पडली की घाट सुरू होतो, वळणे घेत घेत गाडी सुमारे सातशे मीटर उंचीवर पोहोचते. आता दुसरीकडे उतरायला हवे, पण उतार येतच नाही. रस्ता सरळ आजऱ्याकडे निघून जातो. कोल्हापूरकडचा माणूस उलट दिशेने येतो तेव्हा त्याला डोंगर लागतच नाही. तो चालता चालता एकदम एका प्रचंड ओटीच्या टोकाशी येऊन उभा राहतो आणि पायांखाली कोकण दिसते. हा दख्खनच्या पठाराचा तुटलेला काठ आहे. आपण खाली अंगणात राहतो, म्हणून आपल्याला तो डोंगर वाटतो. ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ हे आपल्या बोलीतले शब्द भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त नेमके आहेत.

हा काठ तुटला कधी? साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचा काळा पत्थर तयार झाला. त्याच सुमारास भारताच्या पश्चिमेचा एक तुकडा फुटून वेगळा झाला. आज आपण त्याला सेशेल्स बेटे म्हणतो, ती हिंदी महासागरात पार आफ्रिकेच्या बाजूला आहेत. जमीन अशी फाटल्यावर जो कडा उरला, तो पाऊस आणि नद्या कोट्यवधी वर्षे पोखरत राहिल्या, आणि काठ हळूहळू पूर्वेकडे सरकत गेला. तो सरकताना मागे सोडत गेलेली पट्टी म्हणजे आपले कोकण. आपल्या भागात काळा पत्थर पातळ होत जातो आणि दक्षिणेला त्याच्याहून कितीतरी जुने खडक डोके वर काढतात. रेडीला लोहखनिज सापडते ते या जुन्या खडकांमुळे. हे लोखंड पुढे गोष्टीत पुन्हा येणार आहे.

सावंतवाडी या सगळ्यात मधोमध बसलेली आहे. पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर वेंगुर्ल्याचा समुद्र, पूर्वेला साधारण तेवढ्याच अंतरावर आंबोली. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे जायचा तो याच बाजूने, आणि त्या वाटेवरचे मुक्कामाचे ठाणे म्हणून आंबोली इंग्रजांच्या नजरेत भरली. मोती तलावाच्या काठी उभे राहिले की समुद्राकडून येणारे ढग डोक्यावरून पुढे जाताना दिसतात. लहानपणी आम्हाला वाटे की ते आंबोलीला जाऊन नेमके काय करतात, ते बघायला हवे.

ते काय करतात हे सांगणे तसे सोपे आहे. समुद्रावरचा वारा बाष्पाने भरलेला असतो. त्याच्यापुढे सातशे मीटर उंचीची भिंत येते. आडवे जाता येत नाही म्हणून तो वर चढतो. वर गेला की थंड होतो. ढगातली हवा किलोमीटरभर चढली तर तिचे तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. थंड हवेला तेवढे बाष्प धरून ठेवता येत नाही आणि ती हात सैल सोडते. वेंगुर्ल्याला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर आंबोलीला सात हजारांच्या वर पडतो. सात हजार मिलिमीटर म्हणजे सात मीटर. पडलेले सगळे पाणी जागच्या जागी उभे राहिले असते तर दुमजली घर त्यात बुडाले असते. आणि गंमत अशी की काठ ओलांडून तीस-चाळीस किलोमीटर पुढे गडहिंग्लजच्या बाजूला सरकलात की तोच पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास येतो. ढगाने पोते रिकामे केलेले असते, आणि हवा पुढे किंचित खाली उतरून पुन्हा कोरडी होते.

आता या पाण्याचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. आंबोलीत एका गुहेत महादेवाचे स्थान आहे, तिथून हिरण्यकेशी उगम पावते. अरबी समुद्र तिथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. शहाण्या नदीने सरळ कडा उतरून समुद्र गाठला असता. पण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणून ही नदी समुद्राकडे पाठ करून निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्या खोऱ्याचे पाणी आमच्या डोक्यावरच्या काठावर पडलेले असते. उलट मनोहरगडाच्या बाजूला उगम पावणारी तेरेखोल पश्चिमेकडे उतरते, बांद्यावरून जाते आणि पुढे महाराष्ट्र व गोवा यांच्यामधली हद्द होऊन समुद्राला मिळते. एकाच डोंगरावरचे दोन थेंब, मध्ये हातभर अंतर, आणि दोघांचे समुद्र वेगळे. कवीला इथे फार मोह होतो, पण मी आवरतो.

पश्चिमेच्या नद्या आखूड आणि उताराच्या. इतका पाऊस पडूनही मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या बाया डोक्यावर कळशी घेऊन का चालतात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. पाणी येते तसे धावत समुद्राला जाते. जे थांबते ते दोन ठिकाणी थांबते. एक, झाडांच्या मुळांशी आणि पालापाचोळ्याच्या गादीत. दुसरे, जांभ्यात.

जांभा दगड आपल्या इतका पायाखालचा आहे की त्याच्याकडे कुणी पाहत नाही. आपली घरे त्याच्या चिऱ्यांची, गडगे त्याचे, बावीचे कठडे त्याचे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. ओला असताना कुदळीने कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो, हे पाहून त्याला विटेची आठवण झाली असावी. तो तयार कसा होतो? लाखो वर्षे धो धो पाऊस खडकातून झिरपत राहतो, विरघळणारे सगळे धुऊन नेतो, आणि मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम उरते. लोखंड गंजते, म्हणून तो लाल. म्हणजे जांभा हा पावसानेच घडवलेला दगड आहे. त्याला बारीक बारीक भोके असतात. पाणी त्या भोकांतून खाली उतरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि आडवे सरकत सरकत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. सड्याखालच्या वाड्यांतल्या बावी आणि व्हाळ त्यावर जगतात. वर सड्यावर चिरेखाण निघाली किंवा जेसीबी फिरला की खाली दोन-चार वर्षांत कुणाची तरी बाव डिसेंबरातच तळ दाखवते. वरच्याला त्याचा पत्ता नसतो आणि खालच्याला कारण कळत नाही.

मराठी कवितेत ‘कातळ’ हा शब्द निष्ठुरपणासाठी वापरला जातो. हृदय कातळासारखे, कातळाला पाझर फुटत नाही, वगैरे. आमच्याकडे कातळाला पाझर फुटतो म्हणून तर बावीला पाणी असते. सातबाऱ्यावर या जमिनीची नोंद पोटखराबा अशी होते, म्हणजे जमिनीचा न पिकणारा भाग. ‘पडीक’ असेही म्हणतात. कागदावरचा एक शब्द जमिनीचे नशीब कसे ठरवतो ते पाहायचे असेल तर सड्यावर यावे. खराबच आहे म्हटल्यावर कुणी ती विकायला मागेपुढे पाहत नाही, आणि कुणी ती फोडायलाही.

मे महिन्यात आंबोलीचा सडा पाहिला तर त्या शब्दावर विश्वास बसतो. काळपट, भाजलेला, चटके देणारा कातळ, मधूनमधून वाळलेले गवत. पाऊस सुरू झाला की पंधरा दिवसांत तो हिरवा होतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर फुलांचे थर येतात. पांढरे गेंद, पिवळा कवला, निळी-जांभळी सीतेची आसवे. सीतेची आसवे हे नाव किती नाजूक, पण ती वनस्पती कीटक खाते. कातळावर मातीच बोटभर, तिच्यात नायट्रोजन नाही, मग तिने बारीक फुग्यांचे सापळे लावले आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर भागवायला सुरुवात केली. गरिबीत माणूसही असाच काहीतरी मार्ग काढतो.

पण या सड्याचा खरा मालक फुलांच्या आधी येतो. जूनच्या पहिल्या दोन-चार पावसांत कातळावरच्या खळग्यांत बोटभर पाणी साचते. त्या रात्री दगडांखालून लहानसे भेक बाहेर पडतात. अंगठ्याएवढे, अंगावर पिवळसर-नारिंगी पट्टे. शास्त्रज्ञांनी २००९ साली या भेकाला नवी ओळख दिली आणि पट्ट्यांमुळे त्याच्या नावात वाघ घातला: झँथोफ्रीन टायग्रीना. साध्या भाषेत आंबोलीचा भेक. त्याचा सगळा संसार त्या थोड्या रात्रींत होतो. नर हाका मारतात, माद्या येतात, उथळ डबक्यात अंडी घातली जातात, आणि पिल्लांना डबके आटण्याच्या किंवा मोठ्या सरीने धुऊन जाण्याच्या आत पाय फुटायला हवेत. उशीर झाला तर संपले. उरलेले वर्षभर हा जीव जवळजवळ कुणाला दिसत नाही. उन्हाळा तो सड्यावरच्या सुट्या दगडांखाली ओल धरून काढतो. आपण गडगा घालायला, बागेचा बांध घालायला तेच सुटे दगड गोळा करतो. आपल्या दृष्टीने ती सफाई, त्याच्या दृष्टीने घर गेले. आज तो जगातल्या अति संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

आंबोलीचे नाव लावणारा आणखी एक जीव आहे, आंबोलीचा झुडपी बेडूक. त्याचे वर्णनही २००९ मध्येच प्रसिद्ध झाले. त्याची तऱ्हा वेगळी. शाळेत आपण शिकलो की बेडकाचे आधी शेपटीचे पिल्लू होते, ते पाण्यात पोहते, मग त्याला पाय फुटतात. हा बेडूक त्या भानगडीत पडत नाही. त्याच्या अंड्यातून थेट छोटा बेडूकच बाहेर येतो. त्यामुळे त्याला डबक्याची गरज नाही. त्याला गरज आहे ती सतत ओल्या हवेची. आंबोलीत जून ते सप्टेंबर जे धुके असते, ज्यात पर्यटक छायाचित्रे काढतात आणि आम्ही कवी गेली शंभर वर्षे विरहिणी उभ्या करतो आहोत, ते धुके या जीवाचे गर्भाशय आहे. झाडी गेली, ऊन जमिनीपर्यंत पोहोचले, हवा सुकली, की अंडी सुकली.

तिसरा जीव मला सगळ्यांत जवळचा, कारण तो आमच्या सेशेल्सच्या गोष्टीचा साक्षीदार आहे. त्याला देवगांडूळ म्हणतात. दिसायला गांडूळ, पण असतो बेडकाचा भाऊबंद: पाठीचा कणा आहे, दात आहेत, पाय मात्र नाहीत. मातीत राहतो. २००३ साली आंबोलीच्या परिसरातून याची एक नवी जात नोंदवली गेली. हे जीव खारे पाणी ओलांडू शकत नाहीत. आणि तरी यांचे जवळचे नातेवाईक सापडतात ते हजारो किलोमीटर दूर, सेशेल्सच्या बेटांवर. समुद्र पोहून कुणी गेले नाही, जमीनच फाटून गेली. फाळणीत एक भाऊ इकडे आणि एक तिकडे राहिलेली घरे आपल्या ओळखीची आहेत. ही फाळणी साडेसहा कोटी वर्षांची.

चौथी गोष्ट अलीकडची. २०२० साली हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडातून सोनेरी छटेच्या एका छोट्या माशाची नवी जात नोंदवली गेली आणि तिला नदीचेच नाव मिळाले, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये राज्य सरकारने मंदिराभोवतीची ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. जागा केवढी? दोन हेक्टरांपेक्षा थोडी जास्त. शेकडो वर्षे तिथे लोक तीर्थ घेत आले, आणि देवाच्या भीतीने का होईना, कुणी जाळे टाकले नाही, म्हणून मासा उरला. माझ्या नानीची एक सांगी होती की वाहत्या पाण्यावर वजू करायला बसलात तरी गरजेपुरतेच पाणी घ्या. नदीकाठी असलात तरीही. ती कधी हिरण्यकेशीला गेली नाही, पण गेली असती तर पुजाऱ्याशी तिचे जमले असते.

तुम्ही विचाराल, हे सगळे जीव इथेच का? याचे कारण काठाच्या आकारात आहे. हा काठ सलग दिसला तरी वरचे सडे एकमेकांपासून तुटलेले आहेत. मध्ये दऱ्या, नद्या, दाट जंगल. सड्यावरच्या भेकासाठी शेजारचा सडा म्हणजे दुसरे बेट. लाखो वर्षे कुणाची ये-जा नसली की प्रत्येक बेटावरची बोली बदलते. आपल्याकडे नाही का, वेंगुर्ल्याची मालवणी वेगळी आणि आमच्या मुसलमान मोहल्ल्यातली कोकणी वेगळी, मध्ये फक्त एक खाडी!

जंगलाविषयी थोडे बोलायला हवे. वर काठाजवळ अंजनी, जांभूळ, हिरडा अशी बुटकी, वाऱ्याने वाकलेली सदाहरित झाडी. खाली दोडामार्गाकडे ती उंच होते. गवा, अस्वल, शेकरू, धनेश हे इथले रहिवासी. आणि पांगारा. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्यांनी घेतली आहेत त्यांच्या हातात हे जंगल आलेले आहे, कारण ती खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडाची. चितार आळीत हल्ली दुसरी लाकडेही वापरतात.

दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे तर एक नवल आहे. रानजायफळाची दलदल. पाण्यात उभी असलेली उंच झाडे आणि त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर श्वास घ्यायला आलेली. अशा दलदली केरळ-कर्नाटकात आहेत. महाराष्ट्रात ही सापडली तेव्हा अभ्यासकांनाही आश्चर्य वाटले. ती टिकली कारण गावाने ती देवाची राई म्हणून राखली. तिलाही पुढे वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. राखणे ही एकाच धर्माची मिरास नाही. कोकणातल्या किती तरी जुन्या कबरस्तानांत जाऊन पाहा, गावात कुठे नाहीत एवढी जुनी झाडे तिथे उभी असतात. मयताच्या जागेतले लाकूड घरी चुलीला न्यायचे नाही असा आमच्याकडे दंडक होता. भीती असो, अदब असो, झाडाला त्याने फरक पडत नाही.

आता थोडे कडू. सावंतवाडी ते दोडामार्ग हा पट्टा वन्य प्राण्यांच्या दृष्टीने अरुंद दारासारखा आहे. खाली कर्नाटकातल्या काळी नदीच्या खोऱ्यातले जंगल, मग गोव्याचे म्हादई, आणि वर चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघाला खालून वर जायचे तर आमच्या परसातूनच जावे लागते. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती आले तेही याच वाटेने, आणि तिलारी धरणाच्या परिसरात रमले. त्यांनी केळी, माड, सुपारी यांची जी नासधूस केली ती शहरात बसून गंमत म्हणून ऐकायला ठीक आहे. ज्याची पंधरा वर्षांची माडाची बाग एका रात्रीत आडवी झाली त्याच्यापुढे ‘हत्तीचा भ्रमणमार्ग’ हा शब्द उच्चारायला मला तरी जीभ उचलत नाही.

आणि याच दारात तीन गोष्टी येऊन उभ्या राहिल्या. पहिली लोखंड. कळणे येथे खाण सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये त्या खाणीत साचलेल्या पाण्याचा बांध फुटला आणि लाल चिखलाचा लोंढा गावात, शेता-बागांत शिरला. दुसरी रबर. बाहेरून आलेल्यांनी डोंगरउताराच्या जमिनी घेतल्या, मिश्र जंगल साफ केले आणि रबर व अननस लावले. लांबून तेही हिरवेच दिसते. पण त्या हिरव्यात धनेशाला ढोली मिळत नाही आणि शेकराला फळ मिळत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे धबधब्याखाली वाजणारी गाणी आणि फुटलेल्या बाटल्या. तिच्यावर मी वेळ घालवत नाही.

पश्चिम घाटाचे काय करावे हे सांगायला केंद्राने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०११ च्या तिच्या अहवालाचा गाभा मला समजला तो असा, की कुठे काय होऊ द्यायचे हे ग्रामसभेला विचारा. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांनी आपण होऊन ठराव केले होते की आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या. हे लक्षात घ्या, कारण पुढे ‘गावकऱ्यांचा विरोध आहे’ एवढेच छापून येत राहिले. त्यानंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाचा अहवाल आला आणि त्यावरून निघालेल्या आराखड्यात दोडामार्ग तालुका बाहेर राहिला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने या पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घातली. बंदी असतानाही झाडे पडत राहिली, तक्रारी होत राहिल्या. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणे जागतिक वारसा म्हणून निवडली. त्यात महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आंबोली त्यात नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या पंचवीस गावांबाबत संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढण्याचा आदेश केंद्राला दिला. जुलै २०२४ मध्ये, वायनाडला दरड कोसळून शेकडो माणसे गेल्यानंतर लगेच, संपूर्ण पश्चिम घाटाचा मसुदा केंद्राने सहाव्यांदा प्रसिद्ध केला. सहाव्यांदा!

लोकांचा विरोध खोटा नाही, हेही सांगायला हवे. गावात अफवा पसरते की घर दुरुस्त करता येणार नाही, काजूची फांदी तोडता येणार नाही, गुरे सोडता येणार नाहीत. अधिसूचना इंग्रजीत, नकाशे कुणाला वाचता येत नाहीत, आणि समजावून सांगणारा अधिकारी गावात येत नाही. येतो तो जमिनीचा दलाल. माझ्या मते सरकारचा सगळ्यात मोठा कामचुकारपणा मराठीत, मालवणीत, ओसरीवर बसून न बोलण्याचा आहे. रबराच्या जागी काजू, कोकम, जंगली मिरी यांना थोडा भाव आणि हमी मिळाली असती तर कितीतरी उतार वाचले असते. काजूची बी सव्वाशेवरून नव्वदवर आली की बागायतदार दलालाला चहा पाजतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, आंबोलीच्या पायथ्याच्या एका वाडीत राहतात. त्यांची उताराची जमीन होती, वर सडा, मध्ये जंगल, खाली व्हाळ. मुलीच्या लग्नाच्या आणि मुलाच्या शिक्षणाच्या वेळी वरचा भाग त्यांनी विकला. मी एकदा त्यांच्याशी या विषयावर बोलत होतो, जरा जास्तच बोललो असेन. ते म्हणाले, “शायरसायब, डोंगर काय पळान जातलो?” व्हाळाला लागून असलेला जंगलाचा पट्टा मात्र त्यांनी ठेवला आहे. त्याला चांगली किंमत आली होती. का ठेवला, असे विचारल्यावर त्यांनी हाताने खाली दाखवले, “थंय माझी बाव आसा.” मे महिन्यात आजूबाजूच्या बावी आटतात तेव्हा त्या बावीत पुरुषभर पाणी असते, आणि वाडीतली सात घरे ते भरतात.